दावणगेरेची गाडी

लोखंडाच्या बाजारात दुपार कलली की जमिनीतून एक वास वर येतो. तापलेल्या पत्र्याचा, पत्र्यावरच्या तेलाचा, नुकत्याच कापलेल्या कडांचा, आणि सगळ्यांच्या तळाशी गंजाचा. गंज नाकाआधी जिभेला कळतो. गेल्या रविवारी कळंबोलीच्या आमच्या जुन्या यार्डाचं कुलूप काढलं आणि तो वास तसाच्या तसा समोर उभा राहिला. आमचं ट्रान्सपोर्ट आता तळोज्याकडे हललं आहे. गाड्या गेल्या, वजनकाटा गेला, ऑफिसातली टेबलं गेली. मागे राहिलेलं किरकोळ सामान बघायला मी आले होते: पंखा, कूलरचा स्टँड, चाव्यांचा फळा, भिंतीवरचा रस्त्यांचा नकाशा. थोडक्यात आटोपून भाजी घेऊन घरी जायचं, असं ठरवलं होतं.

पण खिडकीखालच्या कट्ट्यावर हात टेकला आणि काम तिथेच राहिलं.

ही खिडकी लोडिंगच्या बाजूला उघडते. इथे बसून मी गाड्या लावायचे. कुठला माल कुठल्या गाडीत, कुठली गाडी कुठल्या रस्त्याने, कोण आधी निघणार, कोण ताडपत्री बांधून थांबणार, हे सगळं या खिडकीतून. कट्टा बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, आणि पेपरवेट ठेवायला होता. माझ्या लेकीच्या, मानसीच्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षी मात्र त्यावर बिल्ट्यांना जागा नसायची. तिथे तिच्या बरण्या असायच्या.

मानसीला शेतीची पदवी घ्यायची होती, त्यातही बियाण्यांचं शिकायचं होतं. आजोळ दिवाळ्याच्या कोळीवाड्यात, घर कळंबोलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. शेत तिने पाहिलं ते हायवेवरून. पण शाळेत असल्यापासून बाल्कनीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत ती काहीबाही पेरायची आणि उगवलं की मला ओढत न्यायची. प्रवेश मिळाला दावणगेरेला. हुबळीच्याही पुढे, कर्नाटकात. तिचे बाबा बेलापूरच्या सरकारी कचेरीत, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "लांब आहे." मी म्हटलं, "आपल्या गाड्या जातात तिकडे." जणू गाड्या जातात म्हणजे ते गाव माझ्या ओळखीचं होतं.

आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. हॉस्टेलच्या खोलीत मी कपाटात कागद घातले, दोरी बांधली, नळ उघडून पाहिला, बल्ब बदलला, गादी उलटी केली. तिच्या पलंगाशेजारी आणखी दोन पलंग होते. त्या मुली आपसात कन्नडमध्ये बोलत होत्या, आमच्याकडे बघून गोड हसत होत्या. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी खिडकीची कडी दुसऱ्यांदा लावून पाहिली. मानसी म्हणाली, "आई, लागली आहे ती."

मग फोन सुरू झाले.

"जेवलीस?"

"हो."

"काय होतं?"

"भात. काहीतरी सार."

"लेक्चर कळतात ना?"

"इंग्लिशमध्ये असतात गं."

"मैत्रिणी?"

"आहेत."

प्रश्न माझ्याकडे भरपूर होते आणि प्रत्येकाला उत्तर यायचं. फोन ठेवला की वाटायचं, आपण काहीच विचारलं नाही.

गाडीतून सामान पाठवायची सुरुवात एका विसरलेल्या चादरीने झाली. हनीफभाईंची गाडी दावणगेरेला लागत होती, पत्र्याच्या कॉइल भरून. हनीफभाई आमचे जुने ड्रायव्हर, गाव रायगडच्या किनाऱ्यावर, म्हसळ्याकडे. दाढी मेंदीने लाल केलेली, डोक्याला कायम एक ओला रुमाल. मी चादरीची पिशवी खिडकीतून दिली. ते म्हणाले, "फक्त चादर? पोरीला कोरडी चादर पाठवताय?" मग मी धावतपळत कोपऱ्यावरच्या दुकानातून चिवडा आणला.

त्यानंतर दावणगेरेची गाडी लागली आणि कट्ट्यावर बरणी नाही, असं कधी झालं नाही. दावणगेरेच्या बायपासवर एक पेट्रोल पंप आहे, तिथे आमच्या गाड्या डिझेलला थांबतात. पंपावर गाडी लागली की ड्रायव्हर मानसीला फोन करायचा, ती रिक्षाने यायची, बरणी घ्यायची. रिकामी बरणी परतीच्या गाडीने इकडे. सगळं ठरलेलं, आखलेलं. मला वाटलं, जमलं.

त्या वर्षाचे महिने मला बरण्यांनी आठवतात. श्रावणात नारळाच्या वड्या. गणपतीत तळणीचे मोदक, कारण उकडीचे पोचेपर्यंत टिकत नाहीत. यार्डात तेव्हा गंजाचं लाल पाणी साचलेलं असायचं. मी साडी वर धरून, बरणी छातीशी धरून खळग्यांतून गाडीपर्यंत जायचे. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन रांगेत उभ्या राहिल्या. झेंडूच्या माळा बॉनेटवर, चाकांखाली लिंबं, नारळाचं पाणी गरम इंजिनावर पडलं की येणारा तो करपट गोड वास. हनीफभाई पूजेच्या वेळी नेहमी रुमाल नीट बांधून गाडीशेजारी उभे राहायचे आणि प्रसादाचं खोबरं सगळ्यांत आधी मागायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर दोन तुकडे घेतले. "एक पोरीचा," म्हणाले.

रविवारी मी दिवाळ्याला माहेरी जायचे, सुकं आणायला. खाडीच्या काठावर काठ्यांच्या मांडवावर बोंबील टांगलेले, जाळ्यांवर पसरलेला जवळा, वाऱ्याबरोबर येणारा खारा, उबट वास. माझी वहिनी मासे विकून येऊन पाय पसरून बसलेली असायची. तिची जीभ पहिल्यापासून तिखट. मी पिशवी उघडली की म्हणायची, "बाय, पोरीला शिकाला धाडलंस का दुकान टाकाला?"

"खाऊ दे गं. तिथे सगळं गोडूस सार मिळतं."

"येवरा जवळा एकटी खाईल ती? तिकरं कोनाला वास तरी सोसंल का?"

"चटणी करून देते. लसूण घालून. घट्ट झाकणात."

"तुजा झाकनावर लय इश्वास," वहिनी म्हणायची, आणि वरून आणखी एक मूठ टाकायची.

दिवाळीत मानसी घरी आली. बारीक झाली होती. मी म्हटलं, प्रवासाने. बाल्कनीत जाऊन बसायची, तिथल्या वाळलेल्या डब्यांतली माती बोटांनी मोकळी करायची. मी रोज एक नवीन पदार्थ केला. तिने प्रत्येक थोडा खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाली. जायच्या दिवशी बसमध्ये चढताना तिने माझा हात धरला, तो बस सुटेपर्यंत सोडला नाही. मी खालून सूचना देत राहिले: पाण्याची बाटली वर ठेवू नकोस, मोबाईल पोटाशी ठेव. बस गेल्यावर माझ्या मनगटावर तिच्या बोटांचा ओलसरपणा होता.

थंडी आली. यार्डातली माणसं सकाळी फळ्या पेटवून शेकत उभी राहायची आणि लोखंडाला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. अशाच एका सकाळी हनीफभाई परतीच्या गाडीने आले आणि रिकाम्या बरण्या कट्ट्यावर ठेवल्या. बरण्या लख्ख होत्या, झाकणाच्या खाचेत तेलाचा थेंब नाही. मी त्यातली एक शेजारच्या माणसाला दाखवली. "बघा, आमची पोरगी. हॉस्टेलात राहून अशी घासते."

हनीफभाई चहाच्या ग्लासात बघत राहिले.

"मॅडम, एक बोलू? बरनी मी धुतो. पंपावर नळ हाय तिथं."

"असू दे, धुतली तर धुतली. संपवते ना?"

"ती खात नाय."

"म्हणजे?"

"येते. केबिनमधी बसते. बरनी उघडते, आमालाच देते. खावा म्हनते. आमी खातो, ती बघते. तुमची चटनी मी चार गाववाल्यांना खिलवली, खोटं नाय बोलत. लय टॉप होती."

"आणि ती काय करते?"

"बोलते. आमच्याशी गप्पा मारते. यार्डात कोन नवीन आलं, हायड्रावाल्याचं लगीन झालं का, अमक्याची गाडी कुठं पलटी झाली. आमचं खाऊन झालं की उतरते. लगेच नाय उतरत. बरनीचं झाकन लावत बसते." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी लवकर बोलायला पायजे होतं. पन पोरगी म्हनाली, आईला नको सांगू. आज तुमी बरनी दाखवली, मला राहवलं नाय."

हायड्रा म्हणजे आमची क्रेन. ती तेव्हा मागे ओरडत होती, गाडी मागे घेणारा शिट्टी वाजवत होता. मी हनीफभाईंना विचारलं, पुढची गाडी कधी लागते. ते म्हणाले, तुम्हीच लावता ना.

मी बरण्या बंद केल्या नाहीत. बंद केल्या तर ती पंपावर कशाला येईल? मग मी खायला वेळ लागेल असं शोधायला लागले. चिवडा मूठभर-मूठभर लगेच संपतो. भुईमुगाच्या शेंगा, टरफलासकट, उकडून मीठ लावलेल्या. उसाचे करवे. सीताफळं, अर्धी कच्ची, रस्त्यात पिकतील अशी. वहिनीकडून न सोललेली सुकी करंदी आणली, ती म्हणाली, "सोलून घे की, काटं टोचतील पोरीला." मी म्हटलं, "राहू दे, सोलत बसतील." वहिनीने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही.

हनीफभाईंचा फोन यायचा. "आज शेंगा लय चालल्या, मॅडम. चांगली बसली." एवढंच. मी बरं म्हणून पुढची गाडी बघायचे.

आमच्या यार्डाच्या भिंतीवर मी स्वतः रंगवून घेतलेली एक ओळ आहे, अजून तशीच आहे: केबिनमध्ये सवारी बसवू नये. रस्त्यात कोणाला घेतलं आणि काही झालं तर भानगड मालकावर येते. पूर्वी एकदा तसं झालं होतं, तेव्हापासून हा नियम. अगदीच अडचण असेल तर ड्रायव्हरने ऑफिसला फोन करून विचारायचं, आणि ऑफिस म्हणजे मी. मी कोणालाच हो म्हणत नसे. हनीफभाईंच्या सख्ख्या भाचीला लग्नाला जायचं होतं, त्यांनाही मी नाही म्हटलं होतं. ते महिनाभर मला "सलाम मॅडम" असं जरा जास्त वाकून करायचे.

मार्चचं ऊन सुरू झालं होतं. मी लोडिंगवर उभी होते. हायड्राने कॉइल उचललेली, खाली गाडी लागलेली, आणि माझा हात वर: मी खाली करेपर्यंत ऑपरेटर सोडत नाही. दुसऱ्या हातातला फोन वाजला.

"मॅडम, सवारी घेऊ का?"

"हनीफभाई, नियम माहीत आहे ना?"

"माहीत हाय. म्हनून तर विचारतो."

"कोण आहे?"

पलीकडे ट्रकचं इंजिन चालू होतं. हनीफभाई म्हणाले, "मानसी."

"आपली?"

"बॅग घेऊन आलीय. म्हनते घरी न्या. उतर म्हनलो, उतरत नाय. रडत पन नाय, नुसती बसलीय समोर बघत."

परीक्षा तोंडावर होती. तिची हजेरी आधीच काठावर होती, हे तिनेच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. आत्ता निघाली तर सत्र जाणार, सत्र गेलं की वर्ष. आणि एकदा घरी आलेली मुलगी तिथे परत जाईल असं मला तरी वाटत नव्हतं. शिवाय ज्यासाठी ती गेली होती, ते बियाण्यांचं शिक्षण इकडे तसं मिळत नव्हतं.

"तिला फोन द्या."

थोडी खुडबुड झाली. "नको म्हनते."

"म्हणावं, आई काही बोलणार नाही. नुसता कानाला लाव."

"मॅडम, ती मान हलवते. मागं गाड्या लागल्यात, पंपवाला ओरडतोय. काय करू सांगा."

घाटात अॅक्सल तुटला, चेकनाक्यावर गाडी अडवली, माल भिजला, ड्रायव्हर पळून गेला. या खिडकीत मला असे फोन रोज यायचे आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार असायचं. त्या दुपारी काहीच तयार नव्हतं. उतरव म्हणावं तर ती त्या पंपावर एकटी, बॅग घेऊन, माझ्या शब्दाने उतरवलेली. घेऊन ये म्हणावं तर मीच तिचं वर्ष संपवलं. डोक्यावर कॉइल तशीच लटकत होती, किंचित फिरत. ऑपरेटर माझ्या हाताकडे बघत होता. माझा हात दुखायला लागला होता आणि तो खाली घ्यायचाय हेही मला सुचत नव्हतं.

"मॅडम?"

"घेऊन या."

"नक्की ना?"

"घेऊन या म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेटातून आत आली. परतीला मक्याची पोती होती. इंजिनाच्या गरम वासात मक्याचा कोरडा, पिठासारखा वास मिसळलेला. मानसी उलट्या बाजूने, केबिनकडे तोंड करून, दांडा धरून उतरली, ड्रायव्हर उतरतात तशी. तिच्या केसांत मक्याचं भूस अडकलं होतं. रात्रभर मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं, "चहा घेतेस?"

"घेते."

हनीफभाई लांब उभे राहून टायर बघत होते. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ती ऑफिसातल्या बाकावर, घडी घातलेल्या ताडपत्रीवर झोपली. बाहेर लोखंडाच्या प्लेटा आपटत होत्या, हॉर्न वाजत होते, मी फोनवर माणसांवर ओरडत होते, आणि ती गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. लहानपणी शाळेला सुट्टी असली की अशीच झोपायची इथे. त्या दिवशी मी तिच्यावरचा पंखा कमी-जास्त करत राहिले.

घरी तिच्या बाबांनी तिला काही विचारलं नाही. संध्याकाळी भेळ आणली, तिच्यासाठी तिखट वेगळी. मीही विचारलं नाही. परीक्षेचे दिवस जवळ येत होते आणि आमच्या घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. तिच्या हॉस्टेलमधून एकदा फोन आला; तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि वाजू दिला. यार्डात ड्रायव्हर मला विचारायचे, "मॅडम, आता सवारी चालू झाली का?" एकाने आईला गावाहून आणायचं म्हणून विचारलं. भिंतीवरची ओळ मी पुसली नाही. पण नाही म्हणताना पूर्वीसारखा आवाज निघेना. आणा म्हटलं.

रविवारी तिला दिवाळ्याला नेलं. वहिनी काठावर बसून बोंबलांच्या जोड्या करत होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि काठीवर टांगायचं. मानसी तिच्यासमोर बसली आणि जोड्या करायला लागली. मी जरा मागे, ओट्यावर. ओहोटी लागलेली, होड्या चिखलात कलंडलेल्या, चिखलाचा थंड काळा वास.

"तिकरं कोन मारतं का तुला?" वहिनीने विचारलं.

"नाही मामी."

"जेवाला देत नाय?"

"देतात."

"पोरी भांडतात?"

"नाही. चांगल्या आहेत. मी दिसले की माझ्यासाठी इंग्लिशमध्ये बोलायला लागतात. मग थोड्या वेळाने परत आपलं बोलतात."

"मंग काय गो होतं तुला?"

मानसीने एक जोडी काठीवर टाकली. "मामी, तिथे मला कोणी हाक मारत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे कामाला बोलावतात. हजेरी घेतात. पण असं उगाच कोणी नाव घेऊन हाक मारत नाही. लांबून. अगं मानसी, अशी."

वहिनीचे हात थांबले नाहीत. "आनि टरकवाले मारतात?"

"ते मारतात. पंपाच्या त्या टोकापासून."

मी सगळं ऐकत होते. जे हवं होतं ते माझ्या कुठल्याच बरणीत मावणारं नव्हतं. तिथल्या त्या गोड हसणाऱ्या मुलींना जाऊन मी काय सांगणार होते? मी ओट्यावरून पायाशी पडलेली जाळ्याची दोरी उचलली, गुंडाळली, पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळली. वहिनी मानसीला म्हणाली, "हात धू, वास गेला नाय तर बापूस गाडीत घेनार नाय," आणि दोघी हसल्या. त्यापुढे त्या विषयावर बोलणं झालं नाही.

त्यानंतरही ती घरीच होती. बाल्कनी, झोप, यार्ड. मी मनात तिचं वर्ष सोडून दिलं होतं. पुढच्या वर्षी जवळच कुठे काय मिळेल, ते विचारायला सुरुवातही केली होती.

मग एका सकाळी ती माझ्याबरोबर यार्डात आली, खिडकीशी उभी राहिली आणि विचारलं, "दावणगेरेची गाडी लागतेय का?"

"लागतेय. कॉइल."

"कोण आहे?"

"हनीफभाईच."

"मी जाते."

मागे वळून बघितलं तर तिची बॅग बाकावर होती. घरून निघताना मी ती बघितली नव्हती, किंवा बघून मनावर घेतली नव्हती. मी उठले, म्हटलं थांब, कोपऱ्यावरून निदान शेंगा तरी आणते. ती म्हणाली, "आई, काही देऊ नकोस."

"रस्त्यात लागेल."

"रस्त्यात हनीफभाई थांबवतात की धाब्यावर. काही देऊ नकोस, खरंच."

काय झालं, कशाने ठरवलं, मला आजही ठाऊक नाही. मामीच्या बोलण्याने म्हणावं तर मामी काही बोललीच नव्हती. मी तर काहीच केलं नव्हतं. पुढे एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "असंच गं, वाटलं जावं." मला ते उत्तर ठेवायला जागा सापडलेली नाही.

गाडी भरली. ताडपत्री बांधली. हनीफभाई खिडकीशी आले, रुमाल नीट केला आणि चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाले, "मॅडम, सवारी?"

"घ्या."

ती दांडा धरून चढली. केबिन उंच असते, खालून फक्त तिचा कोपर दिसत होता. गाडी वळली, गेटाबाहेर गेली, एक्सप्रेसवेकडच्या धुरात मिसळली. मी पुढची गाडी लावली.

हजेरीचा दंड भरून तिचं सत्र वाचलं, एक विषय राहिला, तो तिने नंतर काढला. बरण्या तिने पुढे कधी मागितल्या नाहीत. कट्ट्यावर पुन्हा बिल्ट्या आल्या. दावणगेरेच्या गाड्या लागत राहिल्या आणि नुसत्या लोखंडाने भरून जात राहिल्या. सुरुवातीला हनीफभाई पंपावरून सांगायचे, "आली होती, पाच मिनटं." मग, "फोन केला होता, क्लास हाय म्हनाली." मग त्यांनी सांगणं सोडलं आणि मीही विचारणं सोडलं. मागच्या वर्षी ते गावी गेले, आता नातवंडांत असतात. शेंगा दिसल्या की माझा हात अजून जास्तीच्या घ्यायला जातो. बाजारात उभी राहून मी जास्तीच्या परत टाकते.

ती आता शेवटच्या वर्षाला आहे.

रविवारी त्या रिकाम्या यार्डात मी किती वेळ बसले कोण जाणे. क्रेन नसलेल्या जागी चिमण्या उतरल्या होत्या, जमिनीत रुतलेले लोखंडाचे कण उन्हात चमकत होते. बाहेर दुसऱ्या कोणाच्या तरी यार्डात प्लेटा आपटल्या. मी उठून पंखा उतरवायला माणसाला फोन लावणार, तेवढ्यात तिचाच आला.

"आई, कुठे आहेस?"

"जुन्या यार्डात. सामान बघायला."

"अजून आहे तिथे काही?"

"किरकोळ."

"बरं ऐक. मला इथेच ठेवून घेतायत. बियाण्यांचं शेत आहे ना, जिथे आम्ही प्रॅक्टिकलला जायचो, तिथे. परीक्षा झाली की लगेच. म्हणजे मेमध्ये मी येत नाहीये."

"घरी थोडे दिवससुद्धा नाही?"

"पेरणीची तयारी असते गं. बघू. दिवाळीला बघू."

मी म्हटलं, छान झालं. तिने त्या दुपारी पंपावर केबिनमधून उतरावं, तिथेच राहावं, तिथे रुजावं, यासाठी मी त्या वर्षी काय काय बोलले होते देवाशी. आता तेच होत होतं. पगार विचारावा, राहायची सोय विचारावी, असं डोक्यात आलं. विचारलं, "जेवलीस?"

"हो आई." ती हसली. मग लांबून कोणीतरी तिच्या नावाने हाक मारली. शेताच्या त्या टोकापासून मारावी तशी, नावाचं शेवटचं अक्षर लांबवत. "एक मिनिट हं, ठेवू नकोस," ती म्हणाली.

आणि ती कन्नडमध्ये बोलायला लागली. भरभर, मोठ्याने, मध्ये न थांबता. कोणाला तरी काहीतरी चुकीच्या जागी ठेवल्याबद्दल झापत असावी. समोरचा काही पुटपुटला, तिने त्याचं अर्धं वाक्य कापलं आणि पुढचं काम सांगितलं. मला एक शब्द कळला नाही. समोरच्याने ते काम लगेच करायला हवं होतं, एवढं मात्र कळलं. मी फोन कानाला घट्ट धरून, यार्डाच्या मधोमध उभी राहून, तिचं बोलणं संपायची वाट बघत राहिले.